इमाम मिस्त्रींच्या मोटारीत मी ओतलेलं पाणी

तुम्ही रोज पाणी कोणत्या विहिरीचं भरता? जवळची म्हणून तिचं भरता, गोडी आहे म्हणून भरता — की त्या विहिरीवर अमुक लोक येत नाहीत, म्हणून? उत्तर मला देऊ नका. मी विचारणारा कोण? मी तर त्या प्रश्नावर एक अख्खं पत्रक लिहिलं, छापलं, चौकाचौकांत उभं राहून वाचलं — आणि त्याच महिन्यात जे केलं, ते आज पहिल्यांदा लिहितो आहे.

परवापर्यंत हे कुणालाच सांगितलेलं नव्हतं. आईला नाही. छापखान्यातल्या सोबत्यांना नाही. ज्या एका माणसाला सांगायला हवं होतं, त्याला सांगायची गरजच पडली नाही; त्याला ते कळलं होतं. त्यानं ते कुणाला सांगितलं नाही. म्हणून मी अजून या गावात ताठ मानेनं फिरतो. या लिखाणात मला त्या माणसाचे उपकार सांगायचे आहेत. पण ते सांगायचे तर माझं खोटं आधी सांगावं लागतं — दुसरी वाट मला सापडली नाही.

त्या माणसाचं नाव इमाम मिस्त्री. आपल्या सोलापुरात सात रस्त्याजवळ एका लिंबाखाली त्यांचं मोटारदुरुस्तीचं काम चाले. शेड नाही, भिंत नाही. झाडाच्या बुंध्याला पक्कड-पान्यांची पेटी साखळीनं बांधलेली. ऊन सरकलं की मोटार ढकलून सावलीत न्यायची. पाऊस आला की इंजिनावर गोणपाट टाकायचं आणि आपण भिजायचं. मी मॅट्रिक होऊन छापखान्यात मुद्रितं तपासत होतो, आणि मजुरांविषयी लिहायचं तर मजुरी करून पाहिली पाहिजे, असं माझ्या डोक्यानं घेतलं होतं. म्हणून रोज सकाळी चार तास मी मिस्त्रींच्या हाताखाली जाऊ लागलो. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "मास्तर, हात लई गोरं हायत. आठ दिसांत रंग चढंल." चढला.

किती शिकवलं त्यांनी! इंजिनाचा आवाज कानानं नाही, इंजिनाच्या झाकणावर तळहात ठेवून ऐकायचा असतो, हे त्यांनी दाखवलं. मोटारीखाली उताणे पडून ते मला माझी पत्रकं वाचायला लावीत आणि खालून ओरडत, "हे वाक्य लई फिरतंय मास्तर, ब्रेक लावा की." त्यांना मराठी अक्षर वाचता येत नव्हतं. माझं आज जे काही थोडंफार नीट लिहिलं जातं, ते त्या मोटारीखालच्या आवाजामुळे. हे उपकार मी विसरलेलो नाही. मग मी असं का वागलो? — थांबा, क्रमानं सांगतो.

मल्लिनाथशेठ हे गावातले तुपाचे व्यापारी. त्यांनी एक जुनी अमेरिकन मोटार घेतली होती आणि तिला शर्यतीत पळवायचं त्यांच्या मनात आलं. शहराबाहेरच्या माळावर घोडे पळवायचं जुनं रिंगण आहे. चैत्रात तिथं मोटारींची शर्यत ठरली होती. वीस फेरे. शेठनी मिस्त्रींना शब्द दिला — मोटार आतलं पाणी न उकळता वीस फेरे पुरे करील, तर रस्त्यालगतची माझी रिकामी शेड तुमच्या कारखान्याला. नाही केली, तर शेडमध्ये कापसाच्या गाठी भरतो. पहिला नंबर आलाच पाहिजे असं नव्हतं. फक्त उकळता कामा नये. एका छपराचा प्रश्न होता. पंचवीस वर्षं झाडाखाली काम केलेल्या माणसाला छप्पर म्हणजे काय, हे मी त्याच्यासोबत एक पावसाळा भिजलो होतो, म्हणून मला माहीत होतं. माहीत होतं — हे लक्षात ठेवा.

मिस्त्रींनी मोटार सोलून काढली. छत, मडगार्ड, मागची बैठक, सगळं उतरवलं. इंजिनाची ताकद वाढवली. आणि ताकद वाढली तशी उष्णता वाढली. माळावर दोन फेऱ्यांत पाणी खदखदायला लागलं. मोटारीच्या तोंडाशी जी बारीक नळ्यांची जाळी असते, जिच्यातून पाणी फिरून गार होतं — मिस्त्री तिला रेडेटर म्हणत — ती या इंजिनाला पुरेना. मग त्यांनी एका मोडक्या लॉरीचा उंच रेडेटर आणून बसवला. पूर्वी पाणी आपोआप, गरम झालं की वर चढून फिरत असे. त्याला त्यांनी लहानसा पंप जोडला. पंख्याला चार पाती होती, ती सहा केली. रॉकेलच्या डब्याचा पत्रा कापून पंख्याभोवती गोल कडं बसवलं, म्हणजे पंखा बाजूची हवा न ओढता समोरची, जाळीतूनच ओढील. मी म्हणालो, समोर अजून मोठं तोंड ठेवू, हवा जास्त येईल. मिस्त्री हसले. "हवा आत यायला कोन अडवतंय? भाईर जायला वाट न्हाय म्हनून तर समदं तापतंय. आदी भाईरची वाट करा." आणि त्यांनी इंजिनाच्या झाकणाला दोन्ही बाजूंनी आडव्या फटी पाडल्या.

एवढं झाल्यावर एका सकाळी त्यांनी रेडेटरची जुनी नळी उघडून मला आत बोट घालायला सांगितलं. आत पांढरा थर — चुन्यासारखा, बोटाला खरखरीत. "ह्यो आपल्या आडांच्या पान्याचा," ते म्हणाले. आपल्या गल्ल्यांतल्या आडांचं पाणी कसं आहे हे तुमच्या घरच्या बायकांना विचारा. डाळ दोन तास शिजत नाही. साबणाला फेस येत नाही. मिस्त्रींनी दोन वाट्यांत दोन पाणी घेऊन चुलीवर आटवलं. एक आमच्या गल्लीतल्या आडाचं. त्या वाटीत पांढरं कडं राहिलं. दुसरी वाटी स्वच्छ, तळ दिसत होता. हे दुसरं पाणी तळ्याच्या बांधाखालच्या विहिरीचं. तळ्यातलं पावसाचं पाणी मातीतून झिरपून तिच्यात येतं — गावात याच्याइतकं मऊ पाणी दुसरं नाही. आणि गावातलं कुणी ते भरत नाही. कारण ती विहीर अस्पृश्य वस्तीतली आहे. सबंध गाव दोन दोन तास डाळ शिजवत बसतं, पण तिकडं पाऊल टाकत नाही!

मिस्त्री म्हणाले, "मास्तर, पानी तुमच्याकडं. रोज दोन डबे. तुमी तर कागदात लिवलंयच की."

लिहिलं होतं ना! 'ज्याला तहान त्याचं पाणी' — माझंच वाक्य, जाड टायपात. मला केवढा अभिमान वाटला त्या दिवशी. सायकलच्या दोन्ही बाजूंना रॉकेलचे दोन रिकामे डबे बांधून मी वस्तीत गेलो, जणू लढाईवर निघालो आहे.

विहिरीवर तानूबाई होती. साठीची, काटक, कपाळभर गोंदण. मी दोर हातात घ्यायला गेलो तर तिनं तो मागं ओढला. "तुमी नका वडू मालक. उद्या गावातली मानसं आमालाच बोलत येतील." मी म्हणालो, मला मालक म्हणू नका. ती म्हणाली, "मग काय, मोटार म्हनू?" विहिरीवरच्या बाया हसल्या. मीही हसलो. तेव्हापासून मी तिचा 'मोटारवालं' झालो. तिनंच दोन्ही डबे भरून दिले. दुसऱ्या दिवशी मी पोचायच्या आतच दोन घागरी शेंदून, वर फडकं टाकून बाजूला ठेवलेल्या होत्या. "तुमची मोटार तान्ही, तिला थांबवू नगं," म्हणाली.

असे नऊ दिवस गेले. पाणी चांगलं होतं. रेडेटरच्या झाकणात काचेची नळी बसवलेली होती, तापमान दाखवणारी. आतली तांबडी रेघ चढली की समजावं, पाणी तापतंय. दहा फेऱ्या मारूनही रेघ खालीच. माझ्या वहीत त्या नऊ दिवसांची नोंद आहे. ती वही अजून माझ्याकडं आहे. मी ती उघडत नाही.

दहाव्या दिवशी वस्तीतून परतताना मी भरलेले डबे सायकलवरून उतरवून घरासमोर आडाच्या कट्ट्यावर क्षणभर टेकवले. शेजारच्या गोदाकाकू पाणी भरत होत्या. त्या मला काही बोलल्या नाहीत. घरात आईकडं पाहून, अगदी हळू म्हणाल्या, "तुमच्या मुलाचे डबे कट्ट्यावर नकोत हो. पाणी सगळ्यांचं आहे."

एवढंच. शिवी नाही, धमकी नाही. मला 'जाऊ नकोस' असं आईनं त्या दिवशीही म्हटलं नाही, नंतरही नाही. म्हणून तिचं नाव मी मध्ये आणणार नाही. मला कुणी अडवलं नाही. मी घाबरलो. कशाला? — उद्या कुणी आईला आडावर येऊ नका म्हणेल, याला? हो, थोडा. पण जास्त भीती कशाची होती, सांगू? गल्लीतल्या माणसांच्या नजरेची. पत्रक वाचताना तीच माणसं टाळ्या वाजवीत. पत्रक वाचणारा त्यांना चाले. डबे वाहणारा चालत नव्हता. आणि मला टाळ्या हव्या होत्या.

अकराव्या दिवशी मी डबे आमच्याच आडावर भरले. उजाडल्यावर, सगळ्यांच्या देखत, साळसूदपणे. मग सायकल थोडी लांबून फिरवली, वस्तीच्या बाजूनं आल्यासारखी दिसावी म्हणून, आणि लिंबाखाली डबे उतरवले. मिस्त्रींनी नेहमीसारखं विचारलं, "तानूबाई काय म्हनतीया?" मी म्हणालो, "मोटारीला विचारलंय."

हे वाक्य मला सुचलं कसं? आजही कळत नाही. एवढं सहज कसं सुचलं?

पुढं पाच आठवडे — रोज. खोटं एकदा बोलणं आणि खोटं रोज दोन डबे वाहणं, यांत फरक आहे. दुसऱ्याला वजन असतं. उन्हाळा चढत होता, मोटार रोज पाणी पीत होती, आणि जेवढं पाणी वाफेनं जाई तेवढा चुना आत राही. तांबडी रेघ दर आठवड्याला थोडी वर. मिस्त्रींना वाटलं, ऊन वाढलंय. त्यांनी झाकणाच्या फटी वाढवल्या. पत्र्याचं कडं उचकटून नवं केलं, जाळीला अजून चिकटून. जाळीच्या बाजूला बोटभर फट राहिली होती, तिथून हवा पळते म्हणून चामड्याच्या पट्ट्या शिवून बसवल्या. पत्रा कापताना उजव्या हाताचा आंगठा चिरला, चिंधी बांधून तसेच काम करत राहिले. मी पक्कड धरून समोर बसलो होतो. एकदा त्यांनी चिंधीवरचं रक्त पुसत विचारलं, "मास्तर, पानी तेच न्हवं?"

मी म्हणालो, "तेच."

आणि त्याच संध्याकाळी मी छापखान्यात बसून दुसरं पत्रक लिहिलं. पहिल्यापेक्षा जहाल. त्यात भित्र्या सुधारकांवर एक परिच्छेद होता. सगळ्यांना तोच आवडला.

शर्यतीच्या दिवशी माळावर ही गर्दी. चार मोटारी. आमची मोटार मिस्त्री स्वतः चालवत होते. डोक्याला पागोटं घट्ट, आंगठ्याला अजून चिंधी. मी कठड्याला टेकून वही घेऊन उभा. दहाव्या फेरीपर्यंत आमची मोटार सगळ्यांच्या पुढं होती. मल्लिनाथशेठ खुर्चीवरून उठून टोपी हलवत होते. बाराव्या फेरीला मोटार माझ्यासमोरून गेली तेव्हा मी तांबडी रेघ पाहिली — नळीच्या टोकाला. तेराव्याला झाकणातून वाफेचा धागा. पंधराव्याला पांढरा लोट. इंजिन फुटेपर्यंत ताणणारा तो माणूस नव्हता. सोळाव्या फेरीच्या मध्यावर मिस्त्रींनी मोटार बाजूला घेतली आणि उतरून उभे राहिले. वाफ शिट्टी मारत होती.

कुणीतरी ओरडलं, "मिस्त्री, च्या झाला का?" सगळा माळ हसला. दुसरा म्हणाला, "किटली हाय की, साकर कुटंय?"

मी धावत गेलो. शेठही आले. वाफ बसल्यावर मिस्त्रींनी फडक्यानं झाकण फिरवून काढलं, तोंडाशी बोट फिरवलं आणि बोट वर धरलं. पांढरं. त्यांनी ते आंगठ्यावर चोळलं — चिंधीवर पांढरा डाग पडला. मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं. एकदाच. रागानं नाही, एखादा नट ढिला राहिला आहे हे हाताला कळावं, तसं.

शेठ म्हणाले, "काय झालं मिस्त्री? कुणाची चूक?"

सभेत माझा आवाज शेवटच्या ओळीपर्यंत जातो, असं लोक म्हणतात. त्या वेळी माझा आवाज ओठांपर्यंतही आला नाही.

मिस्त्री म्हणाले, "माजी, शेठ. हिशेब चुकला. नळ्या बारीक घेतल्या मी."

मी तिथं उभा होतो. मी काही बोललो नाही. हीच माझी चूक. पाणी बदललं ती भीती होती. पण तिथं गप्प राहिलो — ते दुसऱ्याचं छप्पर होतं, आणि मी ते माझ्या डोळ्यांसमोर जाऊ दिलं.

शेडमध्ये कापसाच्या गाठी भरल्या गेल्या. अजून आहेत. आणि गावानं मिस्त्रींना नाव दिलं — किटली मिस्त्री. गिऱ्हाइकं हसत यायला लागली, मग कमी यायला लागली.

दुसऱ्या दिवशी मी गेलोच नसतो. पण पाय गेले. मिस्त्री रेडेटर उतरवून बसले होते. म्हणाले, "बसा. चिंच आनलीया. धुवायचाय." तीन दिवस आम्ही दोघांनी चिंचेचं पाणी ओतून, हलवून, तांब्याच्या तारेनं नळी नळी साफ केली. पांढरा गाळ निघत राहिला. त्यांनी एकदाही विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी, शेवटची नळी वाहती झाली तेव्हा, माझ्याकडं न बघता म्हणाले, "मास्तर, माणसाचंबी असंच असतंय. भाईरची वाट ठिवावी." आणि कथलाचा डाग देण्याची कांडी माझ्या हातात देऊन सांगितलं, आता सांधे तुमी जोडा. मी जोडले. त्यानंतर दीड वर्ष त्यांनी मला काम शिकवलं — काहीही राखून न ठेवता. ज्यानं छप्पर घालवलं, त्याला! सांगा, असं कोण करतं? मी एवढी पत्रकं वाचली, एवढ्या थोर माणसांची भाषणं ऐकली. पण चांगुलपणा कशाला म्हणतात, हे मला एका निरक्षर माणसानं चिंचेच्या पाण्यात हात बुडवून शिकवलं.

गेल्या दिवाळीनंतर मिस्त्री गुलबर्ग्याला गेले. तिथं दुसऱ्याच्या कारखान्यात कामाला आहेत. दुसऱ्याचा असला, तरी वर पत्रा आहे. हा मजकूर मी तिकडं पाठवणार आहे. कुणीतरी त्यांना वाचून दाखवील. ते मोटारीखालून ओरडतील — वाक्य लई फिरतंय म्हणून.

आणि तानूबाई? परवा मी तिच्याकडं गेलो. तिनं डोळ्यांवर हात धरून मला ओळखलं. "मोटारवालं! बरी हाय का मोटार?" मग म्हणाली, "तुमी यायचं थांबलासा, तरीबी धा-बारा दिस पानी भरून ठिवलं व्हतं. मग वाटलं, मोटार इकली आसंल." मी तिला खरं सांगितलं. सगळं. ती थोडा वेळ फडक्याची गाठ सोडत-बांधत बसली. म्हणाली, "म्हंजे आमच्या पान्याला लाजलासा." मी हो म्हणालो. ती उठली, घागर शेंदली आणि माझ्या ओंजळीत पाणी ओतलं. मी प्यालो. ते पिण्यात माझं कसलं शौर्य नाही. पाणी तिनं दिलं.

मला माफ करा असं मी कुणाला म्हणत नाही. मिस्त्रींनी माफ केलं की नाही, तेही विचारणार नाही. तो प्रश्न विचारणं म्हणजे पुन्हा त्यांच्याकडूनच काहीतरी घेणं होईल. मल्लिनाथशेठ हे वाचतील, गोदाकाकूंना कुणी वाचून दाखवील, गल्ली वाचील. वाचू दे. त्या दिवशी मोटार उकळली ती मिस्त्रींच्या हिशेबामुळे नव्हे. त्यांचा हिशेब नळीनळीपर्यंत बरोबर होता. पाणी माझं होतं.

माझ्यासाठी काही मागायचं नाही. तुम्ही एक करा. उद्या उजाडल्यावर — अंधारात नको, सगळे बघत असताना — घरातला एक डबा घ्या आणि तळ्याच्या बांधाखालच्या विहिरीवर जा. आधी तानूबाईला विचारा, चालेल का म्हणून. विहीर तिची आहे. ती हो म्हणाली तर पाणी भरा, आपल्या गल्लीतून, आपल्या आडासमोरून ते घरी आणा आणि त्यात डाळ शिजवा. वाटेत कुणी विचारलं, कुठलं पाणी? — तर सांगा कुठलं ते. मला जे दोन शब्द बोलता आले नाहीत, तेवढेच बोला.

हे पत्रक मात्र घरीच ठेवा. दोन्ही हात डब्याला लागतील.